गॅस संपला म्हणण्याआधी: घरचा फ्रिज स्वतः तपासायचा कसा

फ्रिज कूलिंग करत नाही म्हटलं की शेजारी, नातेवाईक, खालचा वॉचमन सगळ्यांचं एकच, गॅस संपला असेल, भरून घ्या. मेकॅनिकसुद्धा बऱ्याचदा दार उघडतो, फ्रीझरला हात लावतो आणि तेच सांगतो. तर आधी हे पक्कं करा की फ्रिजमधला गॅस वापरून संपत नसतो, तो काही स्वयंपाकाचा सिलिंडर नाही. तोच गॅस कॉम्प्रेसरमधून मागच्या जाळीत, तिथून बारीक नळीतून फ्रीझरच्या कॉइलमध्ये आणि परत कॉम्प्रेसरमध्ये असा सीलबंद पाइपांत वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरला तर काही आठवड्यांनी तुम्ही परत तिथंच. आणि खरं सांगायचं तर कूलिंगच्या बऱ्याच तक्रारी गॅसपर्यंत जातच नाहीत, हवा अडलेली असते, दार नीट लागत नसतं, बर्फ नको तिथं साचलेला असतो किंवा व्होल्टेज बोंबललेलं असतं. हे सगळं घरी बघता येतं, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

आधी तुमचा फ्रिज कुठला ते ओळखा

हे का, तर दोन प्रकारांचे आजार वेगळे. सिंगल डोअर म्हणजे बहुतेक करून डायरेक्ट कूल, त्यात आतलं छोटं फ्रीझर हेच थंड करणारं कॉइल असतं, पंखा नसतो, थंड हवा आपोआप खाली उतरते. यात बर्फ साचतोच आणि तो आपण वितळवायचा असतो, नॉबच्या मधलं बटण त्यासाठीच. डबल डोअर म्हणजे फ्रॉस्ट फ्री, त्यात कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड लपलेलं असतं, एक छोटा पंखा ती थंड हवा फ्रीझरमध्ये आणि डक्टमधून खालच्या कप्प्यात ढकलतो, आणि ठरावीक तासांनी एक हीटर चालू होऊन कॉइलवरचा बर्फ वितळवतो. हो, फ्रिजमध्ये हीटर असतो, बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि अर्ध्या तक्रारी याच हीटरच्या भानगडीतून येतात.

खरंच कूलिंग कमी आहे का?

हात लावून कळत नाही. मे महिन्यात अकोल्या-नागपुरात बाहेर ४४-४५ डिग्री असताना बाटली नेहमीसारखी गार लागत नाही म्हणून फ्रिज बिघडला असं होत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी कोणी दार उघडायच्या आत बघा. ३ ते ५ डिग्री आलं तर फ्रिज ठणठणीत आहे. ८-१० च्या वर असेल तर पुढं वाचा. डबल डोअरच्या फ्रीझरचं उणे १८ च्या आसपास हवं, सिंगल डोअरच्या छोट्या फ्रीझरकडून तेवढी अपेक्षा नको.

आता वीज

फ्रिज पूर्ण बंद असेल, आतला लाइटही लागत नसेल तर आधी त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा, हसू नका, सैल सॉकेट, काळवंडलेली पिन, ट्रिप झालेला एमसीबी, यातच बरीच प्रकरणं मिटतात. पिन काढल्यावर काळी झालेली किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं तर सॉकेट बदला, नुसती पिन घासून परत खुपसू नका. एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रिज तर नकोच, त्यातही त्याच बोर्डवर मिक्सर असेल तर अजिबात नको.

सॉकेट ठीक आहे तरी फ्रिज चालू होत नाही, तर स्टॅबिलायझर बघा. लाइट गेली आणि आली की बरेच स्टॅबिलायझर मुद्दाम तीन-चार मिनिटं थांबून मग सप्लाय सोडतात (तोपर्यंत फ्रिजमधला लाइटही लागणार नाही), कारण कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पाइपांतलं प्रेशर समान व्हायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी सुरू करायला गेलं तर तो जोर लावून अडकतो. म्हणूनच लाइट ये-जा करत असेल तेव्हा स्वतःहून फ्रिज बंद करून ठेवा आणि सप्लाय स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाल्या (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या) नव्या फ्रिजला स्टॅबिलायझर लागत नाही असं कंपन्या सांगतात आणि ते ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेत खरंही आहे, ती मर्यादा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. पण गावाकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कुठच्या कुठं जातं, किंवा न्यूट्रल तुटून घरात भलतंच हाय व्होल्टेज येतं, तिथं माझं मत स्पष्ट आहे, स्टॅबिलायझर लावाच, फक्त त्याला हाय आणि लो दोन्ही कट ऑफ आहे ना ते बघून घ्या.

अजून एक गंमत. नवीन फ्रिज आणलाय, डिस्प्ले चालू, लाइट चालू आणि कूलिंग शून्य, तर तो डेमो मोडवर असू शकतो. शोरूममध्ये ठेवण्यासाठी हा मोड असतो, त्यात लाइट आणि डिस्प्ले दिसतात पण कॉम्प्रेसर बंद. काढायचा कसा ते मॅन्युअलमध्ये मिळेल, साधारण दोन बटणं एकदम काही सेकंद दाबायची असतात. आणि टेम्पोतून आडवा झोपवून आणला असेल तर उभा केल्यावर निदान चार तास, जमलं तर रात्रभर तसाच ठेवून मग चालू करा, कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपांत गेलेलं असतं ते परत खाली उतरू द्यावं लागतं.

डबल डोअर: वर बर्फ होतोय, खाली भाजी नासतेय

सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात जास्त पैसे घालवणारी तक्रार ही. फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित, आइस्क्रीम घट्ट, पण खाली दूध आंबतंय, कोथिंबीर दोन दिवसांत काळी. आता जरा विचार करा, वर बर्फ होतोय म्हणजे कॉम्प्रेसर चालू आहे, गॅस आहे, थंडी तयार होतेय, ती फक्त खाली पोचत नाहीये. म्हणजे शोधायचं काय, तर वाटेत कोण अडवतंय ते. या क्रमाने बघा:

१. नॉब. ज्या साध्या डबल डोअरमध्ये दोन नॉब असतात, एक फ्रीझरमध्ये आणि एक खाली, त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये फ्रीझरचा नॉब थंडी वाढवत नाही, तो फक्त हवा वाटतो, वर किती आणि खाली किती. बर्फ लवकर व्हावा म्हणून तो फुल्ल केला की खालच्या कप्प्याची हवा वर वळते. उन्हाळ्यात घरोघरी हेच होतं, सरबतासाठी बर्फ हवा म्हणून कोणीतरी नॉब फिरवतं आणि आठवड्याने भाजी खराब होते म्हणून बोंब. नॉब मध्यावर आणा, एक दिवस थांबा.

२. हवेच्या जाळ्या. खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीवर लांबट भोकं असतात, थंड हवा तिथूनच येते. त्यांना चिकटून कणकेचा डबा, इडलीच्या पिठाचं पातेलं, सायीचं भांडं असं रचून ठेवलं असेल तर हवा फिरणार कुठून? चार बोटांची जागा सोडा. फ्रीझरमध्येही मागच्या पॅनेलला मटारच्या पिशव्या कोंबू नका. गौरी-गणपती, दिवाळीत फ्रिज गच्च भरला की हमखास हे होतं, तेव्हा थोडं सामान कमी करून बघणं हाच पहिला इलाज. आणि गरम वरण, गरम दूध आत सरकवायची सवय बंद, ते साधारण कोमट झालं की ठेवा, पण रात्रभर ओट्यावरही विसरू नका.

३. पंखा. फ्रीझरचं दार उघडलं की बऱ्याच मॉडेलमध्ये पंखा थांबतो. तर दार उघडून चौकटीवरचा छोटा दाराचा स्विच बोटाने दाबून धरा आणि कान द्या, कॉम्प्रेसर चालू असताना फरफर ऐकू यायला हवी, जाळीपाशी हात धरला तर गार झुळूक लागायला हवी. पंखा एकदमच गप्प असेल तर एक तर मोटर गेलीये नाहीतर पात्यांना बर्फ अडकलाय. खरखर करत फिरत असेल तर बर्फच घासतोय समजा. कॉम्प्रेसर नेमका थांबलेला असेल तर पंखाही थांबलेला असू शकतो, म्हणून थोड्या वेळाने परत बघा.

४. बर्फ. वरचं तिन्ही ठीक असेल किंवा पंखा बर्फात अडकला असेल तर संशय डीफ्रॉस्टवर, म्हणजे बर्फ आपोआप वितळवायच्या यंत्रणेवर. तो हीटर, त्याला चालू-बंद करणारा बायमेटल, सोबतचा थर्मल फ्यूज आणि टायमर किंवा बोर्ड, यातलं एक जरी गेलं तरी कॉइलवरचा बर्फ वितळत नाही, थर चढत जातो आणि शेवटी पॅनेलमागं बर्फाची लादी तयार होते, हवा जायला वाटच उरत नाही. फ्रीझरच्या आतल्या मागच्या भिंतीवर पांढरा बर्फ दिसत असेल किंवा ती भिंत फुगल्यासारखी वाटत असेल तर जवळजवळ नक्की हेच.

याची घरगुती टेस्ट फुकट आहे. सामान शेजाऱ्यांकडं नाहीतर बर्फ घातलेल्या बादलीत, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण २४ तास फ्रिज बंद ठेवा. खाली जुने टॉवेल अंथरा, पाणी बरंच निघतं आणि मागचा ट्रे भरून वाहू शकतो, तो मधे मधे बघा. दोन-चार तासांत उरकू नका, पॅनेलमागचा बर्फ सहज सुटत नाही. मग पुसून, चालू करून वाट बघा. फ्रिज एकदम नव्यासारखा चालला आणि आठवडा-दहा दिवसांनी परत खालचा कप्पा गरम व्हायला लागला, तर डीफ्रॉस्टचा पार्ट गेलाय, गॅसचा काही संबंध नाही. मेकॅनिकला फोन करताना हेच सांगा, की २४ तास बंद ठेवल्यावर काही दिवस नीट चालला, मग परत बसला. हे वाक्य ऐकलं की समोरचा गॅसची टेप लावायच्या आधी विचार करतो. बायमेटल, फ्यूज किंवा हीटर यांचा खर्च गॅस चार्जिंगपेक्षा साधारण कमीच येतो.

बर्फ एकदाच झाला आणि परत झाला नाही तर मात्र दार उघडं राहिलं होतं कधीतरी, बाकी काही नाही. बटर पेपरचा कोपरा, आइस्क्रीमच्या फॅमिली पॅकचं झाकण दारात अडकलं तरी रात्रभरात दमट हवा आत जाऊन हे होतं.

सिंगल डोअर: बर्फाची गुहा

इथं उलटं, बर्फ साचणं हा बिघाड नाही, पण थर वाढला की तोच कॉइलला गोधडीसारखा गुंडाळून बसतो, मग कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो आणि खाली गारवा नाही. अर्धा सेंटिमीटर थर झाला की डीफ्रॉस्ट करा, पावसाळ्यात कोकणात दर पंधरवड्याला लागेल, कोरड्या थंडीत महिना निघतो. रात्री झोपताना नॉबचं बटण दाबा, फ्रीझरखालचा ट्रे रिकामा करून जागेवर ठेवा, सकाळी पाणी ओता. डीफ्रॉस्ट संपला की बटण आपोआप बाहेर येतं आणि फ्रिज चालू होतो. बटण दाबलेलंच राहिलं, बाहेर येतच नाही आणि फ्रिज बंदच, तर थर्मोस्टॅट गेला. कधी कधी फडकं मारताना चुकून बटण दाबलं जातं आणि घरात सगळे फ्रिज बंद पडला म्हणून हवालदिल, तेव्हा आधी ते बघा.

घाई असेल तर प्लग काढून फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर ठेवा आणि दार लावा, वीस मिनिटांत बर्फाचे पापुद्रे सुटायला लागतात. पण सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर काही म्हणजे काही लावू नका. फ्रीझरची ती भिंत पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते आणि गॅसच्या वाटा तिच्याच आत असतात. बर्फात अडकलेला मटणाचा डबा काढायला सुरी मारली, फुस्स आवाज आला, की संपलं, हा मात्र खरा गॅस लीक, आणि त्या जागचा पॅच किती टिकेल याची खात्री नसते. आवाज आलाच तर खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, कारण हल्लीच्या बहुतेक फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो, त्यावर पुढं येतोच.

थर्मोस्टॅटवरून एक, नॉबवर मोठा आकडा म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये जास्त थंड. थंडीत काकडी-टोमॅटो गोठत असतील, मोडाची मटकी काचेसारखी होत असेल तर आकडा खाली आणा. खाली आणूनही कॉम्प्रेसर कटच होत नसेल, सगळंच गोठत असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय, तो बदलायचा, हे फार मोठं काम नाही.

दाराचं रबर

नोट अडकवून ओढायची टेस्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती एका वेळी एकच जागा सांगते. त्यापेक्षा रात्री किचनचे दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च चालू करून आत उभा ठेवा, दार लावा आणि चारी बाजूंनी फिरून बघा, जिथून उजेड दिसतो तिथून थंडी जाते. खालच्या बाजूला वाकून बघायला विसरू नका, बिजागरीकडचा खालचा कोपरा हमखास सुटलेला असतो.

रबर फाटलं नसेल तर लगेच बदलायची गरज नाही. आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, घडीमधली काळी बुरशी जुन्या टूथब्रशने काढा, तिथं साखरेचा पाक, आमरस, दुधाचे ओघळ सुकून रबर चिकट झालेलं असतं आणि दार उघडताना ते ओढलं जाऊन वाकडं होतं. वाकडं झालेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरा किंवा हेअर ड्रायर लांबून फिरवा, मऊ झालं की बोटाने आकार द्या आणि दार लावून काही तास उघडू नका. तेवढ्यानेही सुटत असेल तर बदला, मॉडेल नंबर दाखवून घ्या, अंदाजे कापलेलं रबर बसत नाही.

फ्रिजचे पुढचे पाय फिरवून किंचित वर घ्या, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार स्वतःहून लागतं. आणि दाराच्या कप्प्यात दोन-दोन लिटरच्या बाटल्या रांगेने भरल्या की दार कालांतराने खाली बसतं, मग रबर कितीही नवीन घाला.

आतला लाइट दार लावल्यावर बंद होतो का? मोबाईलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, दार लावा, अर्ध्या मिनिटाने काढून बघा. लाइट चालूच दिसला तर दाराचा स्विच अडकलाय, तो बल्ब आत दिवसभर गरमी करत बसतो.

मागची जागा

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिज कोपऱ्यात असा दाबून बसवतात की वाळलेलं पानही मागं जाणार नाही. आतून काढलेली गरमी बाहेर टाकायला त्याला जागा लागते, मागं आणि बाजूला निदान १० सेंटिमीटर, वर थोडी जास्त. वरच्या पॉकेटवाल्या कव्हरच्या झालरी मागंपुढं लोंबत असतील तर त्या आवरा. मागं काळी जाळी दिसत असेल तर वर्षातून दोनदा प्लग काढून कोरड्या ब्रशने धूळ झाडा, किनाऱ्याजवळ राहत असाल तर गंज कुठं धरलाय तेही बघून ठेवा. नव्या फ्रिजमध्ये जाळी बाजूच्या पत्र्यांच्या आत असते, म्हणून बाजू आणि दाराची चौकट गरम लागते, ते नॉर्मल आहे, उलट कूलिंग नाही आणि बाजूही गार पडल्यात तर काळजी करा. पावसाळ्यात दारावर बाहेरून घाम येतो तोही नॉर्मल, पुसा आणि सोडा.

पाणी

खालच्या कप्प्यात भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय किंवा फ्रीझरच्या तळाला बर्फाची पातळ लादी होतेय, तर डीफ्रॉस्टच्या पाण्याची वाट तुंबलीये. कॉइलखाली एक भोक असतं, तिथून नळी मागच्या बाजूने उतरते आणि कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पाणी सोडते, कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते सुकून जातं. भोक दिसत असेल तर प्लग काढून मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू मारा, सोबत मऊ प्लास्टिकची नळी किंवा स्ट्रॉ घाला, तार खुपसू नका. पाणी मागच्या ट्रेमध्ये टपटपायला लागलं की वाट मोकळी. डबल डोअरमध्ये भोक बऱ्याचदा पॅनेलमागं असतं, तिथं आधी २४ तासवाला डीफ्रॉस्ट करा, नाहीतर मेकॅनिकला सांगा.

वास येत असेल तर आतली साफसफाई सगळे करतात, तो मागचा ट्रे मात्र कोणी बघत नाही. फ्रिज घेतल्यापासून एकदाही न काढलेल्या ट्रेमध्ये चिकट तपकिरी गाळ, झुरळाचे पंख असं काय काय असतं, आणि वरून कॉम्प्रेसरची ऊब. आधी तो धुवा. आत फणसाचे गरे किंवा सुका बोंबील ठेवला असेल तर घट्ट झाकणाचा डबा हाच उपाय, नंतर खायच्या सोड्याची वाटी ठेवली तरी चालते.

टक... घुंऽऽ... टक

मागून टक आवाज येतो, पाच-दहा सेकंद घुं करतो, परत टक, मग काही मिनिटं शांत आणि पुन्हा तेच. म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि होत नाहीये, दुसरा टक आहे तो त्याला वाचवणारा ओव्हरलोड, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ओएलपी. असं रात्रभर चालू ठेवू नका, प्रत्येक प्रयत्नाला वाइंडिंग (मोटरची आतली तार) तापतं. प्लग काढा, अर्धा तास थांबा, स्टॅबिलायझरच्या डिस्प्लेवर व्होल्टेज बघा. व्होल्टेज कमी असेल तर दोष तिथंच. व्होल्टेज २२०-२३० नीट असूनही तेच होत असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा पार्ट) आणि ओएलपी आधी बदलून बघायचे, दोन्ही स्वस्त पार्ट. जुना रिले काढल्यावर हलवून दाखवायला सांगा, आत खुळखुळ वाजलं तर आतली चकती फुटलीये, रिलेच मेला होता, कॉम्प्रेसर नाही. रिले न तपासता थेट कॉम्प्रेसर बदला म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला असा रिले नसतो, त्याला बोर्ड असतो, आणि बोर्ड जाण्याची कारणं आपल्याकडं दोन, व्होल्टेजचा झटका आणि पाल. खरंच, ऊब शोधत पाल मागं शिरते आणि बोर्डवर शॉर्ट होतं.

बाकी आवाजांचं फार मनावर घेऊ नका. कडकड, खळखळ, बुडबुड हे सगळं चालतं. सतत थरथर होत असेल तर पाय समतल करा, वरची स्टीलची भांडी काढून बघा.

शॉक लागतोय तर

इथं मात्र गंमत नाही. हँडलला झिणझिण्या येतात, चप्पल घालून उघडतो, असं म्हणत वर्षं काढणारी घरं आहेत. प्लग काढा, फ्रिज तोवर वापरू नका, इलेक्ट्रिशियनकडून आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून बसवला असेल तर अर्थिंग नाहीच. अर्थिंग नीट असूनही करंट येत असेल तर आत कुठंतरी वायर सोललीये, बऱ्याचदा उंदराने. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल आणि तो ठरावीक तासांनीच ट्रिप होत असेल तर डीफ्रॉस्ट हीटर बघायला सांगा, ओल गेलेला हीटर चालू झाला की तो उडतो. आरसीसीबी काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि खरंच गॅस गेला असेल तर

खुणा अशा: कॉम्प्रेसर तासन् तास न थांबता चालतोय, मागची जाळी किंवा बाजू कोमटही नाहीत, आणि सिंगल डोअरच्या फ्रीझरमध्ये बर्फ सगळीकडं न होता एकाच कोपऱ्यात होतोय. नुसता चोकअप (बारीक नळी तुंबणं) असला तरी बऱ्याच खुणा अशाच दिसतात, म्हणून मेकॅनिकने मोजून सांगायला हवं, हात लावून नाही.

मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा, ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार भारतात तो २०१० पर्यंत बंद झाला, मग आर-१३४ए आला आणि आता बहुतेक ठिकाणी आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. हा पेट घेतो. लागतो अगदी थोडा, साधारण ३० ते ७० ग्रॅम, पण बंद किचनमध्ये गॅस बाहेर न घालवता कोणी वेल्डिंगचा टॉर्च पेटवून पाइप जोडायला बसलं तर थांबवा, खिडक्या उघडायला लावा, शेगडी आणि देवघरातला दिवा बंद. यात आर-१३४ए भरून देतो म्हणणारा आला तर नको म्हणा, कॉम्प्रेसर त्या गॅससाठी बनलेला नसतो.

मग विचारायचं हे: लीक कुठं सापडला, दाखवा. नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट केली का. फिल्टर ड्रायर (पाइपातली ओल टिपणारा पार्ट) नवीन टाकला का. व्हॅक्यूम पंप लावला का आणि किती वेळ, घाईत पाच मिनिटांत आटपत नाही ते, ओल आत राहिली की बारीक नळीत बर्फ होऊन चोकअप होतो. गॅस वजनकाट्यावर मोजून भरताय की अंदाजे. आणि बिलावर या कामाची गॅरंटी किती महिने. जो नीट उत्तरं देतो त्याच्याकडून करून घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. जो लीक न दाखवता भरून देतो म्हणतो त्याला विचारा, मग आधीचा गॅस गेला कुठं?

वॉरंटी तपासायची ती पैसे द्यायच्या आधी. बऱ्याच इन्व्हर्टर फ्रिजवर कॉम्प्रेसरची १० वर्षांची वॉरंटी असते, पण तिच्यात गॅस, मजुरी आणि येण्याचा चार्ज साधारण धरलेला नसतो, तेव्हा फोनवरच एकूण किती येईल ते विचारून घ्या. वॉरंटीत असताना बाहेरच्या मेकॅनिकला पाइप कापू देऊ नका.

लीक पत्र्यांच्या आत, फोममध्ये असेल, तर माझ्या मते दहा-बारा वर्षं झालेल्या फ्रिजवर तो खर्च करू नये. बाहेरून नवीन जाळी लावून देणारे आहेत, काही चालतातही, पण रबर, थर्मोस्टॅट, पंखा सगळंच म्हातारं झालेलं असतं आणि वीज नव्यापेक्षा जास्त खातं ते वेगळंच. बाहेरच्या जोडावर लीक असेल, जिथं तेलाचा चिकट डाग दिसतो, तर मात्र बिनधास्त दुरुस्त करा. आणि जुना भंगारात देणार असाल तर नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्यांना द्या, घरी पाइप तोडून गॅस सोडायचा नाही. न्यायला माणूस येईपर्यंत तो पॅसेजमध्ये पडून राहणार असेल तर दार काढून ठेवा, बिल्डिंगमधली पोरं लपाछपी खेळताना आत शिरतात.